ओट्यावरचे टवके, चरे आणि डाग : घरच्या घरी करता येणारी दुरुस्ती

स्वयंपाकघरातल्या ओट्याइतका राबणारा दगड घरात दुसरा नसतो. त्याच्यावर कुकर आदळतो, लोखंडी तवा सरकतो, फोडणीचे तेल सांडते, लिंबू पिळले जाते आणि घाईच्या वेळी त्याच्याच कडेवर नारळही फोडला जातो. त्यामुळे काही वर्षांत सिंकजवळच्या कडेचा टवका उडतो, शेगडीच्या बाजूला काळपट पट्टा उमटतो आणि नळाभोवती पांढरा थर चढतो. अशा वेळी ओटाच बदलून टाकावा असे अनेकांना वाटू लागते. पण ओटा उखडायचा म्हणजे सिंक, नळाची जोडणी, खालच्या ट्रॉल्या आणि भिंतीवरच्या टाइल्स या सगळ्यांना हात लावावा लागतो. सुपारीएवढ्या टवक्यासाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नसते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या चार-पाच वस्तू आणि एका दिवसाचा धीर एवढ्यावर बहुतेक किरकोळ दुरुस्त्या होतात. मात्र आपला ओटा कोणत्या दगडाचा आहे हे कळल्याशिवाय त्याला काहीही लावू नये. एका दगडाला जे औषध ठरते, तेच दुसऱ्याला जखम करते.

आधी दगड ओळखावा

महाराष्ट्रातल्या घरांत मुख्यतः तीन प्रकारचे ओटे दिसतात : ग्रॅनाइटचे, संगमरवराचे आणि जुन्या घरांत कडप्प्याचे. कडप्पा हा आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातून येणारा काळसर चुनखडक आहे, तर संगमरवर हे चुनखडकाचेच रूपांतर आहे. म्हणजे या दोघांचा पाया कॅल्शियम कार्बोनेटचा आहे आणि आंबट पदार्थ हा दोघांचाही शत्रू आहे. ग्रॅनाइटमध्ये प्रामुख्याने फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजे असतात आणि लिंबू-चिंचेने त्यांचे काही बिघडत नाही. काळे ग्रॅनाइट म्हणून जे विकले जाते ते भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो या नावाचे वेगळेच खडक असतात. तरी दुरुस्तीपुरते त्याला ग्रॅनाइटच समजायला हरकत नाही.

ओळख पटवण्यासाठी मिक्सरच्या मागच्या, सहसा नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा आणि पाच मिनिटांनी पुसावा. तिथली झिलई उतरून मंद ठिपका उरला, तर दगड चुनखडीच्या जातीचा आहे. मग पाण्याचा थेंब टाकून पंधरा मिनिटे वाट पाहावी. थेंबाखालचा दगड गडद झाला, तर तो पाणी पितो, म्हणजेच तेलही पितो, असे समजावे. काळ्या ओट्याच्या बाबतीत पांढऱ्या फडक्यावर थोडे ऍसिटोन हे द्रावक घेऊन एकदा घासून पाहावे, कारण काही हलक्या प्रतीच्या दगडांना वरून काळा रंग दिलेला असतो. फडके काळे झाले, तर अशा ओट्यावर कोणतेही द्रावक वापरू नये.

चरा खरोखर चरा आहे का

ग्रॅनाइटवर चरे पडले आहेत अशी तक्रार जेव्हा होते, तेव्हा बहुधा ते चरे नसतातच. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी फ्रीडरिक मोस यांनी १८१२ मध्ये १ ते १० अशी श्रेणी मांडली. तिच्यात क्वार्ट्झ ७ वर आणि फेल्डस्पार ६ वर आहे, तर सुरीचे पोलाद साधारण साडेपाचच्या आसपास येते. ॲल्युमिनियम त्याहून पुष्कळच मऊ असते. म्हणून कुकर किंवा पातेले ग्रॅनाइटवरून ओढले की दगड खरवडला जात नाही. उलट भांड्याचाच धातू दगडावर घासला जाऊन करडी रेघ उमटते. तिच्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही, तर खाण्याच्या सोड्याची ओलसर पेस्ट आणि नायलॉनची मऊ घासणी एवढ्यानेच ती रेघ निघते. हट्टी रेघेसाठी काचेचा रंग खरवडण्याचे पाते ओल्या पृष्ठभागावर जवळजवळ आडवे धरून हलक्या हाताने फिरवावे. पोलाद ग्रॅनाइटपेक्षा मऊ असल्यामुळे झिलईला धोका नसतो. मात्र संगमरवरावर पाते लावू नये. संगमरवर ज्या कॅल्साइट खनिजाचा बनलेला असतो त्याचा कठीणपणा जेमतेम ३ असतो, त्यामुळे तिथे पात्याचा खराच चरा पडेल.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती अनेकदा चुकते. हार्डवेअरच्या दुकानातला काळा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, सिलिकॉन कार्बाइडचा असतो आणि त्याचा कठीणपणा ९ च्या वर जातो. तो ग्रॅनाइटवर घासला, तर कारखान्यात यंत्राने आणलेली झिलई क्षणात उतरते आणि ती हाताने परत आणणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ग्रॅनाइटच्या दुरुस्तीत वॉटर पेपर दूर ठेवून पात्यानेच काम करावे. संगमरवर आणि कडप्प्यावर मात्र नेमके उलट, म्हणजे पाते दूर आणि पेपर जवळ.

कडेचा टवका भरणे

टवका उडालेला तुकडा सापडला तर तो कदापि फेकू नये. तोच तुकडा जागेवर बसवला, तर रंग, दाणा आणि झिलई यांचा मेळ आपोआप जमतो आणि उरते ती फक्त केसासारखी रेघ. तुकडा मिळाला नाही, तर भराव करावा लागतो. दोन्ही कामांची पूर्वतयारी सारखीच असते आणि दुरुस्तीचा टिकाऊपणा त्या तयारीवरच ठरतो.

प्रथम खाचेतले तेल आणि पीठ जुन्या टूथब्रशने, भांड्याच्या साबणाने घासून काढावे. ओटा कोरडा झाल्यावर ऍसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने ती जागा दोन-तीनदा पुसावी. ऍसिटोन आणि थिनर ही दोन्ही अत्यंत ज्वालाग्राही असतात, त्यामुळे आधी शेगडी आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, खिडकी उघडावी, आणि आपल्याकडे अनेक घरांत देवघर स्वयंपाकघरातच असते हे लक्षात घेऊन निरांजन व उदबत्तीही विझलेली आहे याची खात्री करावी. त्यानंतर खाच पूर्ण सुकू द्यावी. सिंकजवळच्या कडेला त्यासाठी एक रात्रही लागते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, हवेतच इतका ओलावा असतो की हेअर ड्रायरचा आधार घ्यावा लागतो. काम लांबवता येण्यासारखे असेल, तर ते दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे असे मी सुचवीन.

भरावासाठी राळ आणि हार्डनर अशा दोन नळ्यांमध्ये मिळणारा इपॉक्सी घ्यावा. अराल्डाइट या नावाने तो घरोघरी ओळखीचा आहे. पाच मिनिटांत धरणाऱ्या प्रकारापेक्षा सावकाश धरणारा प्रकार घ्यावा, कारण रंग जुळवायला आणि हवेचे बुडबुडे वर यायला वेळ मिळतो. दोन्ही नळ्यांतला ऐवज सारख्या प्रमाणात काचेच्या तुकड्यावर काढावा आणि काडीने दोन-तीन मिनिटे चांगला घोटावा. घोटण्यात कसूर झाली, तर भराव कायमचा चिकट राहतो आणि मग तो खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

रंगासाठी सर्वांत उत्तम म्हणजे त्याच जातीच्या दगडाची पूड. ग्रॅनाइट कापून देणाऱ्या दुकानात कापण्याच्या यंत्राखाली ती पडलेली असते आणि मागितली तर चिमूटभर पूड कोणीही देते. काळ्या ओट्यासाठी लादीच्या रंगकामात वापरतात तो काळा ऑक्साइड चालतो. पूड थोडी थोडी घालावी. मिश्रणाचा रंग दगडापेक्षा किंचित गडद ठेवणे श्रेयस्कर, कारण फिकट ठिपका लांबूनही डोळ्यात भरतो आणि गडद ठिपका दगडाच्या दाण्यांत हरवून जातो. ठिपक्याठिपक्यांच्या ग्रॅनाइटमध्ये एकाच रंगाचा सपाट भराव करण्याऐवजी काळ्या आणि करड्या मिश्रणाचे लहान थेंब शेजारी शेजारी सोडले, तर दुरुस्ती शोधून काढावी लागते.

खाचेच्या भोवती मास्किंग टेप लावावी. टवका कडेचा असेल, तर मिश्रण खाली ओघळू नये म्हणून समोरून आडोसा लागतो आणि त्यासाठी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीचा तुकडा अगदी योग्य ठरतो. इपॉक्सी त्या प्लॅस्टिकला चिकटत नाही. तो तुकडा कडेच्या गोलाईला नीट टेकवून चिकटपट्टीने ताणून बसवावा, मग काडीने मिश्रण तळापासून भरत यावे आणि पृष्ठभागापेक्षा केसभर उंच ठेवावे. ते सुकताना बसले आणि खाली खळगा राहिला, तर दुसरा हात द्यावा लागतो.

चोवीस तास त्या जागेला पाणी लागू देऊ नये. घरात माणसे असताना ओट्याला एवढी सुटी मिळणे कठीण असते, म्हणून हे काम गावाला जाण्याच्या आदल्या रात्री करणे सोयीचे पडते. भराव कडक झाल्यावर टेप आणि पिशवी सोडवावी आणि नवे पाते आडवे धरून वरचा उंचवटा पातळ पापुद्र्यांनी कापत न्यावा. एका दमात कापायला गेल्यास भरावच उचकटतो. कापलेली जागा मंद दिसते; तिच्यावर झटपट चिकटणाऱ्या पातळ गोंदाचा एक थेंब पसरवून तो सुकल्यावर पुन्हा पाते फिरवले की ग्रॅनाइटच्या झिलईच्या जवळ जाणारी चमक येते. संगमरवर किंवा कडप्पा असेल, तर पात्याऐवजी वॉटर पेपर खोडरबराभोवती गुंडाळून, पाणी लावत, ४०० नंबरापासून ८००, १५०० आणि २००० असा क्रमाने घासावा. घासणे नेहमी ओले असावे, कारण दगडाची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते.

इपॉक्सीच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. साधारण ६०-७० अंश सेल्सिअसच्या पुढे तो मऊ पडू लागतो, म्हणून गरम कुकर किंवा तवा त्या जागेवर थेट टेकवू नये. शिवाय उन्हाने तो पिवळसर होतो. खिडकीखालच्या पांढऱ्या संगमरवरात ही छटा पुढे दिसेल हे गृहीत धरूनच काम करावे. कणीक मळायला किंवा पोळी लाटायला ती जागा वापरू नये हे सांगण्याची गरज नसावी, पण काही घरांत ओट्यावरच लाटण्याची सवय असते म्हणून नोंदवले.

डाग कोणता, उपाय कोणता

संगमरवरावर लिंबू, चिंच, आमसूल किंवा दही सांडून जो पांढुरका ठिपका पडतो, त्याला आपण डाग म्हणतो, पण तो डाग नसतो. आम्लाने दगडाचा वरचा थर खाल्लेला असतो आणि तेवढीच झिलई गेलेली असते. जितके घासावे तितका तो ठिपका पसरतो. त्यावर उपाय एकच : झिलई परत आणणे. ठिपका उथळ असेल, तर फेल्टचा (जाड लोकरी नमद्याचा) ओला तुकडा आणि टिन ऑक्साइडची पूड घेऊन गोलाकार, दाब देऊन, दहा-पंधरा मिनिटे घासावे आणि लगदा ओला राहील याची काळजी घ्यावी. नखाला खडबडीत लागत असेल, तर आधी ८०० पासून २००० नंबरापर्यंत वॉटर पेपर फिरवून मग हीच पूड वापरावी. लादी पॉलिश करणारे कारागीर ऑक्झॅलिक ऍसिड वापरतात. त्याने चमक लवकर येते हे खरे, पण ते विषारी असते, म्हणून अन्न शिजवण्याच्या जागी घरच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

तेलाचा डाग मात्र खरोखरच दगडाच्या आत गेलेला असतो आणि तो वरून पुसून निघत नाही, आतून ओढून काढावा लागतो. त्यासाठी लेप द्यावा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून श्रीखंडाइतका घट्ट करावा, डागाच्या थोडे बाहेरपर्यंत अर्धा सेंटिमीटर जाडीने पसरावा, वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून कडा चिकटवाव्यात आणि कागदाला टाचणीने पाच-सहा भोके पाडावीत. चोवीस तासांनी कागद काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. खरे काम या वाळण्यातच होते. पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जाते आणि बरोबर आणलेले तेल लेपात राहते. ओला लेप पुसून टाकणाऱ्याला म्हणूनच काही फरक दिसत नाही. जुना डाग असेल, तर हेच तीन-चार वेळा करावे लागते. मुलतानी मातीही तेल चांगले ओढते, पण तिच्यात लोहाचा अंश असल्यामुळे पांढऱ्या दगडावर ती टाळावी.

हळदीचा स्वभाव वेगळा. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू करण्याची जुनी रीत यावरच चालते. आणि साबणही अल्कधर्मी असल्यामुळे हळदीचा डाग साबणाने धुतला की लालसर होतो. त्याने घाबरून जाऊ नये. औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड मैद्यात कालवून वरच्याप्रमाणेच लेप द्यावा. ऊन थेट येत असेल, तर नुसत्या उन्हानेही हळद काही दिवसांत फिकी पडते. काळ्या ओट्यावर हळद दिसत नाही आणि पेरॉक्साइडने रंग उडण्याचा संभव असतो, म्हणून तिथे या फंदात पडूच नये.

नळाभोवतीचा पांढरा थर कठीण पाण्यातल्या क्षारांचा असतो. ग्रॅनाइटवर पाणी घातलेल्या व्हिनेगरचे फडके पाच-दहा मिनिटे ठेवून, पात्याने तो थर काढावा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. संगमरवर आणि कडप्प्यावर हा उपाय करता येत नाही, कारण क्षार आणि दगड दोन्ही एकाच जातीचे असल्यामुळे आम्ल दोघांनाही खाते. तिथे ओले करून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने चिकाटीने खरवडत राहावे लागते. संडास धुण्याचे ऍसिड तर कोणत्याही ओट्यावर आणू नये. ते सिमेंटचे सांधे पोखरते, स्टीलच्या सिंकला खड्डे पाडते, आणि ब्लीचमध्ये मिसळले गेले तर क्लोरीनचा विषारी वायू सोडते.

कडप्प्याच्या ओट्याविषयी थोडे

हा दगड थरांनी बनलेला असल्यामुळे त्याचे टवके उडण्यापेक्षा पापुद्रे सुटतात. सुटू पाहणारा पापुद्रा उचकटून काढण्याचा मोह आवरावा. त्याच्या फटीत पातळ झटपट गोंद सोडला, तर तो आपोआप आत ओढला जातो. वर प्लॅस्टिकचा तुकडा आणि त्यावर पाण्याने भरलेला डबा तासभर ठेवावा. करडा पडलेला कडप्पा काळा दिसावा म्हणून खोबरेल तेल चोळण्याची पद्धत आहे. दोन दिवस तो सुंदर दिसतो, तिसऱ्या दिवसापासून तेलावर धूळ आणि पीठ बसू लागते. त्यापेक्षा ४०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर ओला फिरवून, पूर्ण सुकल्यावर मेणाचा अगदी पातळ हात देणे अधिक टिकते.

भेगा आणि सांधे

दगडातली नैसर्गिक शीर आणि भेग यांत फरक करावा. शिरेवरून नख सरळ जाते, भेगेत अडकते. भेग बहुधा सिंकच्या किंवा हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) कापलेल्या कोपऱ्यातून निघते, कारण तिथे दगडाची पट्टी अरुंद असते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि महिनाभर पाहावे. खुणेच्या पुढे गेली नाही, तर ती साफ करून पातळ इपॉक्सीने भरता येते. पुढे सरकली, किंवा भेगेच्या एका बाजूचा दगड दुसऱ्यापेक्षा खाली गेलेला हाताला जाणवला, तर खालचा आधार खचला आहे असे समजावे. तिथे वरून काहीही भरणे व्यर्थ असते. मिस्त्रीला बोलावून आधी आधार नीट करून घ्यावा.

ओटा आणि भिंत यांमधला सांधा उघडला की पाणी खाली ट्रॉल्यांच्या लाकडात उतरते आणि झुरळांना घर मिळते. सांध्यातले जुने काळे पडलेले सिलिकॉन पूर्ण काढावे. जुन्यावर नवे चिकटत नाही. नवे घेताना आपला ओटा संगमरवराचा किंवा कडप्प्याचा असेल, तर दुकानदाराकडे न्यूट्रल प्रकार मागावा. व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन सुकताना ऍसिटिक आम्ल सोडते आणि सांध्यालगतच दगडाची झिलई खाते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावून नळीचे टोक तिरपे कापावे, न थांबता एक सलग रेघ ओढावी, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ती दाबून गुळगुळीत करावी, आणि वर साय धरण्यापूर्वीच टेप काढावी. एक दिवस तिथे पाणी जाऊ देऊ नये.

क्वार्ट्झचे कृत्रिम ओटे आता अनेक नव्या घरांत दिसतात. त्यांच्यातही राळ असते, त्यामुळे टवका वरीलप्रमाणेच इपॉक्सीने भरता येतो. पण गरम भांड्याने करपलेली पिवळी जागा घरी दुरुस्त होत नाही.

सर्व दुरुस्त्या झाल्यावर पुन्हा पाण्याच्या थेंबाची परीक्षा घ्यावी. दगड पाणी पीत असेल, तर दगडासाठीचा मुरणारा सीलर, म्हणजे पाणी-तेल आत शिरू न देणारे द्रावण, स्वच्छ आणि कोरड्या ओट्यावर फडक्याने लावावा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेत जास्तीचा पुसून घ्यावा, नाहीतर वर चिकट साय सुकून बसते. थेंब मण्यासारखा उभा राहत असेल, तर सीलरची गरज नाही. काही महिन्यांनी त्याच कोपऱ्यात पुन्हा थेंब टाकून पाहावा.